स्विचबोर्ड आणि त्याचा कारभारी

वऱ्हाडचे पायनघाट आणि बालाघाट असे दोन भाग फार जुन्या काळापासून मानण्यांत येतात. बुलढाणा जिल्ह्यांत हे दोन्ही भाग एकमेकांच्या शेजारीं नांदतात. खालीं पूर्णेच्या खोऱ्यांत काळीभोर जमीन, कापूस, आगगाडी आणि व्यापार. वर अजिंठ्याच्या रांगेवर थंड हवा, जिल्ह्याचें ठाणें आणि सरकारी कचेऱ्या. मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगांव हीं स्टेशनें सारीं खालीं. बुलढाणें शहरास आगगाडी नाहीं, आणि मलकापुराहून तेथें जाणारास राजूर घाट चढावा लागतो. ज्या जिल्ह्यांत पैसा खालीं आणि हुकूम वर अशी वांटणी निसर्गानेंच करून ठेविली आहे, तेथें या दोहोंमधील तारेचें महत्त्व किती असावें हें सांगावयास नको.

परंतु प्रस्तुत लेखाचा विषय ती तार नव्हे. ती तार जेथें येऊन थांबते आणि ज्याच्या हातून पुढें जाते, त्या मध्यस्थाचा इतिहास येथें थोडक्यांत सांगावयाचा आहे. कचेरींतील टेलिफोनचा स्विचबोर्ड मांडणें व चालविणें हा विषय प्रथमदर्शनीं रुक्ष वाटेल आणि असल्या गोष्टी कारागिरांकडे सोंपवून मोकळें व्हावें असें कित्येकांस वाटेल. तसें मोकळें होतां येत नाहीं, हेंच या इतिहासाचें सार आहे.

१८७० सालची गोष्ट घ्या. अमेरिकेंत १८६१ पासून १८६५ पर्यंत चाललेल्या यादवी युद्धामुळें लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला आणि इंग्रज व्यापाऱ्यांची दृष्टि वऱ्हाडाकडे वळली. नागपूरपर्यंतचा लोहमार्ग १८६७ सालीं पुरा झाला होता. पुढें जलंबपासून खामगांवपर्यंत सुमारें आठ मैलांचा फांटा घालण्यांत आला आणि १८७० सालीं व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांनीं स्वतः खामगांवीं येऊन तो सुरू केला. आदल्याच वर्षीं सुएझचा कालवा खुला झाला होता, आणि १८७० सालींच समुद्राच्या तळाशीं घातलेल्या तारेनें मुंबई इंग्लंडला जोडली गेली. परिणाम असा झाला कीं, लिव्हरपूलच्या व्यापाऱ्यानें तारेनें वऱ्हाडच्या कापसाची मागणी करावी आणि सुमारें सहा आठवड्यांत गांठी त्याच्या धक्क्यावर जाऊन पडाव्या. ज्या पेठेंत भाव दूरच्या देशांतून येतो, तेथें ती बातमी ज्यास घटकाभर आधीं कळेल त्याचें पारडें जड होणार हें उघड आहे. आणि तारमास्तराच्या कानाखालून गेल्यावांचून त्या बातमींतील एकहि शब्द पुढें जात नसे. दोन माणसांमधील अंतर तारेनें नाहींसें केलें खरें. परंतु त्यांच्यामध्यें तिसरें एक माणूस आणून बसविलें.

टेलिफोन आला तेव्हां हें तिसरें माणूस आतां निघून जाईल असें लोकांस वाटणें स्वाभाविक होतें. ग्राहम बेल यास पेटंट मिळालें तें ७ मार्च १८७६ रोजीं. या यंत्रांत कट्ट-कडकट्टची सांकेतिक भाषा नाहीं, ती वाचणारा मास्तर नाहीं. आपला आवाज थेट दुसऱ्याच्या कानांत! आरंभीं तसेंच झालें. दुकानापासून घरापर्यंत एक तार, दोन टोकांस दोन यंत्रें, कीं काम झालें. परंतु माणसाला एकाच माणसाशीं बोलून समाधान होत नाहीं. पन्नास जणांनीं एकमेकांशीं बोलावयाचें ठरविलें तर त्यांच्यामध्यें १,२२५ तारा ओढाव्या लागतील. शंभर जणांस ४,९५०. एवढें जाळें कोणत्या गांवाच्या डोक्यावर मावेल? उलट, त्या शंभर तारा एकाच खोलींत आणून सोडल्या आणि ज्याला ज्याच्याशीं बोलावयाचें त्या दोघांचीं टोकें तेवढ्या वेळेपुरतीं जोडून दिलीं, तर शंभर तारांत काम भागतें. अट एवढीच कीं, त्या खोलींत टोकें जोडणारा कोणीतरी बसला पाहिजे.

अशी पहिली व्यापारी खोली अमेरिकेंतील न्यू हेवन या गांवीं २८ जानेवारी १८७८ रोजीं सुरू झाली. तेथील फळी जॉर्ज कॉय या गृहस्थानें गाडीचे बोल्ट, किटलीच्या झांकणांच्या मुठी आणि बायकांच्या झग्यांत घालावयाच्या तारा असल्या सामानांतून तयार केली होती. ग्राहक २१, आणि एका वेळीं संभाषणें फक्त दोन. श्रीगजाननमहाराज शेगांवीं प्रथम लोकांच्या दृष्टीस पडले तेंहि १८७८ च्या फेब्रुवारींतच. तेव्हां आमच्या जिल्ह्याच्या स्मरणाच्या मानानें पाहतां हा काळ कांहीं फार दूरचा नव्हे. यानंतर बरोबर चार वर्षांनीं, २८ जानेवारी १८८२ या दिवशीं, गव्हर्नर जनरलच्या मंडळाचे एक सभासद मेजर बेअरिंग यांनीं कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथील टेलिफोन-केंद्रें खुलीं झाल्याचें जाहीर केलें. परवाना विलायतेच्या ओरिएंटल टेलिफोन कंपनीस आदल्या वर्षीं देण्यांत आला होता. कलकत्त्याच्या केंद्राचे ग्राहक त्या वेळीं ९३ होते.

या फळीची रचना समजून घेतली म्हणजे पुढील हकीकत उलगडण्यास सोपें जाईल. प्रत्येक ग्राहकाची तार फळीवरील एका छिद्रापाशीं येऊन संपे. त्या छिद्रास जॅक म्हणत. छिद्रापाशीं एक लहानशी झडप असे. ग्राहकानें आपल्या यंत्राचा दांडा फिरविला कीं विजेच्या योगानें ती झडप खटकन् खालीं पडे व कोण हांक मारीत आहे तें समजे. ऑपरेटरपुढें दोऱ्यांच्या जोड्या असत आणि प्रत्येक दोरीच्या टोंकास पितळी खुंटी असे. जोडींतील एक खुंटी त्या छिद्रांत खुपसून ऑपरेटर ‘कोण पाहिजे?’ म्हणून विचारी, दुसरी खुंटी पाहिजे असलेल्या ग्राहकाच्या छिद्रांत घाली आणि त्याची घंटी वाजवी. बोलणें संपल्यावर पुन्हां दांडा फिरवून तसें कळवावें लागे. ग्राहक तेवढें विसरला तर खुंट्या तशाच राहून त्याची तार अडून बसे. पुढें सर्वांसाठीं मिळून एकच बॅटरी मध्यवर्ती ठिकाणीं ठेवण्याची पद्धति निघाली. त्यामुळें दांडा गेला आणि श्रवणनळी उचलतांच फळीवर दिवा लागूं लागला. हिंदुस्थानांत ही सुधारणा प्रथम १९०७ सालीं कानपूर येथें झाली.

फळीवर कोणास बसवावें, हा प्रश्न आरंभींच उत्पन्न झाला. तारकचेऱ्यांतून निरोप पोंचविणारीं पोरें हाताशीं होतीं, म्हणून अमेरिकेंत प्रथम त्यांनाच बसविण्यांत आलें. तीं ग्राहकांशीं उर्मटपणें बोलत. तेव्हां १ सप्टेंबर १८७८ रोजीं बोस्टन येथें एमा नट या बाईंची नेमणूक झाली आणि लवकरच हें काम सर्वत्र स्त्रियांचें होऊन बसलें. आमच्याकडेहि मोठ्या शहरांतील फळ्यांवर अनेक वर्षें अँग्लो-इंडियन मुली मोठ्या संख्येनें काम करीत होत्या. त्या काळीं ग्राहकांस क्रमांक नव्हते. ‘अमक्या वकिलांना जोडून द्या’ एवढें सांगितलें म्हणजे पुरे. कोणतें छिद्र कोणाचें हें सारें ऑपरेटरच्या स्मरणांत असे. १८७९ सालीं मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील लोवेल गांवीं गोंवराची सांथ आली. तेथें चार ऑपरेटर होते. ते चौघेहि एकदम आजारी पडले तर नवीं माणसें कोणास कोण हें कसें ओळखणार, अशी शंका तेथील डॉक्टर पार्कर यांस आली, आणि प्रत्येक ग्राहकास क्रमांक द्यावा अशी सूचना त्यांनीं केली. आज ज्याला आपण टेलिफोन नंबर म्हणतों त्याचा जन्म असा झाला. माणसाच्या डोक्यांतील ज्ञान कागदावर उतरविण्याचा तो पहिला प्रसंग. आणि ही जागा केवढ्या भरंवशाची आहे हें लोकांच्या ध्यानांत आल्याचाहि तो पहिला पुरावा.

भरंवसा आला म्हणजे त्याच्या पाठोपाठ संशयहि येतो. फळीवर बसलेल्या माणसास सर्वांचें बोलणें ऐकतां येतें. कोणास लवकर जोडावें व कोणास ताटकळत ठेवावें हेंहि त्याच्याच हातीं असतें. १८८० सालीं विलायतेंतील न्यायालयानें टेलिफोन हा कायद्याच्या दृष्टीनें तारयंत्रच होय असा निर्णय दिला. इकडे १८८५ सालीं हिंदुस्थानचा तारायंत्रांचा कायदा झाला. त्याच्या २६ व्या कलमान्वयें, तारखात्याच्या नोकरानें एखादा निरोप बदलला, दडविला, बेकायदा मध्येंच अडविला किंवा भलत्यास सांगितला, तर त्यास तीन वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा ठेविली होती. परंतु त्याच कायद्याच्या पांचव्या कलमानें आणीबाणीच्या वेळीं लोकांचे निरोप अडविण्याचा अधिकार सरकारनें स्वतःकडे राखून ठेविला. नोकरानें ऐकूं नये, मालकानें मात्र ऐकावें, असा हा प्रकार होता. तार कोणाच्या ताब्यांत आहे याचें मर्म लोकांसहि पूर्णपणें उमगलें होतें. १९४२ च्या चळवळींत ठिकठिकाणीं तारा तोडल्या गेल्या त्या उगीच नव्हे. पुढल्याच वर्षीं, १९४३ सालीं, मुंबई, कलकत्ता व मद्रास येथील टेलिफोन कंपन्या सरकारनें आपल्या हातीं घेतल्या.

मध्यस्थाविषयींच्या संशयांतूनच त्याला घालवून देणारें यंत्र निघालें असें सांगतात. अमेरिकेंत कॅन्सस सिटी येथें अल्मन स्ट्रोजर नांवाचा एक गृहस्थ प्रेतसंस्काराची व्यवस्था करून देण्याचा धंदा करीत असे. आख्यायिका अशी आहे कीं, फळीवरची ऑपरेटर त्याच्या प्रतिस्पर्ध्याच्या नात्यांतील असून स्ट्रोजरकडे येणाऱ्या हांका ती तिकडेच वळविते, असा त्याचा ग्रह झाला. ती गोष्ट खरी असो वा नसो. ग्राहकानें स्वतःच पाहिजे तो क्रमांक जोडून घ्यावा अशा यंत्राचें पेटंट त्यानें १८९१ सालीं मिळविलें, आणि १८९२ सालीं इंडियाना संस्थानांतील ला पोर्ट येथें तें प्रत्यक्ष चालूं झालें. हिंदुस्थानांत असें स्वयंचलित केंद्र प्रथम १९१३-१४ सालीं सिमल्यास बसलें. त्याची शक्ति ७०० तारांची होती. उन्हाळ्यांत सारें वरिष्ठ सरकार जेथें राहावयास जाई, त्याच थंड हवेच्या ठिकाणीं मधल्या कानास प्रथम रजा मिळाली, ही गोष्ट मोठी सूचक आहे.

शहराच्या मुख्य फळीप्रमाणें मोठ्या कचेऱ्या, गिरण्या, इस्पितळें यांच्या स्वतःच्या लहान फळ्याहि निघाल्या. आंतल्या खोल्यांतील यंत्रांस एक्स्टेन्शन आणि बाहेर जाणाऱ्या तारांस ट्रंक अशीं नांवें रूढ झालीं. अशी फळी मांडतांना पहिला प्रश्न असा कीं, बाहेरच्या तारा घ्याव्या किती? याचें शास्त्र कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनींतील गणितज्ञ एरलांग यानें १९०९ व १९१७ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांतून सिद्ध केलें. त्याचा मासला पाहण्यासारखा आहे. एका कचेरींत ३० यंत्रें आहेत आणि गर्दीच्या तासांत प्रत्येकाचें बाहेरचें बोलणें सरासरी ३ मिनिटें होतें असें धरा. एकूण बोलणें ९० मिनिटांचें, म्हणजे दीड तासाचें. एवढ्यास दोन तारा पुष्कळ झाल्या असें कोणताहि काटकसरी हेडक्लार्क म्हणेल. परंतु माणसें रांग लावून बोलत नाहींत. कधीं एकदम पांच जण उठतात तर कधीं कोणीच नाहीं. एरलांगच्या सूत्रानें हिशेब केला तर दोन तारांवर शंभरांपैकीं सुमारें ३१ हांका परत जातात. तीन तारांवर १३, चारांवर ५, आणि पांच तारा घेतल्या म्हणजे तो आंकडा दीडाच्या आसपास येतो. कचेरीनें वांचविलेल्या तारेचें भाडें कोणीतरी आपला वेळ खर्चून देतच असतो. फक्त तो बाहेरचा असल्यामुळें त्याची नोंद वहींत होत नाहीं.

दुसरा प्रश्न अधिकाराचा. कोणत्या टेबलावरून गांवांत बोलतां यावें, कोणत्या टेबलावरून परगांवीं, आणि कोणावरून फक्त आंतल्या आंत? दोऱ्यांच्या फळीवर हें ऑपरेटर ठरवी. कारकुनानें मुंबई मागितली तर तो साहेबांची परवानगी विचारी. पण त्याच कारकुनाचें मूल आजारी आहे हें ठाऊक असल्यास न विचारतांहि जोडून देई. बाहेरगांवीं बोलावयाचें म्हणजे त्या काळीं ट्रंककॉल नोंदवून वाट पाहत बसावें लागे. साधा, अर्जंट आणि लाइटनिंग अशा त्याच्या चढत्या पायऱ्या असत. ग्राहकानें स्वतः क्रमांक फिरवून परगांवीं बोलण्याची सोय आपल्या देशांत प्रथम १९६० सालीं कानपूर आणि लखनौ यांच्या दरम्यान झाली. खेड्यापाड्यांचा खरा पालट त्यानंतर पंचवीस वर्षांनीं झाला. १९८४ सालीं स्थापन झालेल्या सी-डॉट या सरकारी संस्थेनें १२८ जोडण्यांचें एक लहान इलेक्ट्रॉनिक केंद्र तयार केलें आणि १९८६ सालीं कर्नाटकांतील कित्तूर येथें तें प्रथम बसविलें. त्यास थंड हवेची खोली लागत नसे. पूर्णेच्या खोऱ्यांतील वैशाखाचें ऊन ज्यानें अनुभवलें आहे, त्याला या एका गुणाची किंमत निराळी सांगावयास नको. पुढें देशांतील असंख्य खेडीं असल्या केंद्रांनीं जोडलीं गेलीं, रस्तोरस्तीं एस.टी.डी.च्या पिवळ्या पाट्या लागल्या, आणि कचेऱ्यांतून दोऱ्यांच्या फळ्या निघून त्यांच्या जागीं ईपीएबीएक्स नांवाच्या पेट्या भिंतीवर चढल्या.

येथें स्वतःचा एक अनुभव सांगण्याची वाचकांनीं परवानगी द्यावी. १९९० नंतरच्या त्या वर्षांत मी जिल्ह्याबाहेरील एका शहरांत वसतिगृहांत राहून शिकत होतों. त्या संस्थेचें नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं. तेथील जुन्या फळीवर एक वयोवृद्ध गृहस्थ बसत. आम्ही सर्व विद्यार्थी त्यांना मामा म्हणत असूं. संध्याकाळीं सात वाजतां घरीं जाण्यापूर्वीं मामा एक काम न चुकतां करीत. बाहेरून येणाऱ्या तारेची खुंटी ते रेक्टरसाहेबांच्या बिऱ्हाडाच्या छिद्रांत घालीत आणि घंटी वाजवून ती नीट बसली कीं नाहीं याची खात्री करून घेत. हें काम कोणत्याहि नियमांत लिहिलेलें नव्हतें. मामा निवृत्त झाले त्याच महिन्यांत नवी पेटी आली. ती बसविणाऱ्या कारागिरानें ‘दिवसाची व्यवस्था’ आणि ‘रात्रीची व्यवस्था’ यांची कळ कारकुनास दाखविली आणि तो आपल्या मार्गानें गेला. कारकुनास वाटलें, ही कळ पहारेकरी दाबील. पहारेकऱ्यास वाटलें, नवें यंत्र आहे, तें आपोआपच फिरत असेल. रेक्टरसाहेबांस वाटलें कीं, हल्लीं रात्रीं फोन येत नाहींत हें एक बरें झालें.

त्या हिवाळ्यांत एका रात्रीं माझ्या आजीची प्रकृति एकाएकीं बिघडली. तिनें माझें नांव घेतलें म्हणून वडील मेहकरच्या एस.टी.डी. बूथवर आले आणि त्यांनीं तीन वेळां फोन लावला. घंटी तिन्ही वेळां वाजली. ती कुलूप लावलेल्या कचेरींत वाजली. सकाळीं कारकुनानें कुलूप उघडल्यावर चौथा फोन उचलला गेला. मी मिळेल ती गाडी पकडून निघालों आणि गांवीं पोंचलों तेव्हां चिता विझली होती. वडील कोणावर रागावले नाहींत. त्यांनीं एवढेंच विचारलें, “रात्री तिथं कोणीच नसते काय रे?”

या प्रश्नाचें उत्तर मला तेव्हां देतां आलें नाहीं. आज थोडेंसें देतां येईल असें वाटतें. यंत्रांत कांहींच बिघाड नव्हता. त्याला जें सांगितलें होतें तें त्यानें अक्षरशः केलें. कारागीरहि आपल्या कामांत चुकला नव्हता. चूक झाली ती अशी कीं, मामांची खुर्ची रिकामी झाल्याबरोबर मामांचें कामहि संपलें असें सर्वांनीं गृहीत धरलें. वास्तविक मामा दोन कामें करीत होते. खुंट्या घालणें हें हाताचें काम, आणि कोणती खुंटी कोठें असावी हें ठरविणें डोक्याचें. पेटीनें पहिलें काम पत्करलें. दुसरें कोणीच पत्करलें नाहीं. यंत्र मांडणें निराळें आणि त्याचा कारभार करणें निराळें. पहिलें एका दिवसांत होतें. दुसरें रोज करावें लागतें.

आजचे कन्सोल त्या पेटीहूनहि पुष्कळ पुढें गेले आहेत. १९९९ सालीं अमेरिकेंत मार्क स्पेन्सर या तरुणानें ॲस्टेरिस्क नांवाचा एक संगणकीय कार्यक्रम लिहून सर्वांस मोकळा करून दिला, आणि साध्या संगणकासहि स्विचबोर्डाचें रूप येऊं लागलें. आतां खुंटी नाहीं, दोरी नाहीं. पडद्यावर नांवांची यादी आणि प्रत्येकापुढें हिरवा किंवा तांबडा ठिपका. परंतु थोडें खोल पाहिलें तर आंत सारी जुनीच मंडळी बसलेली आढळते. लोवेलच्या डॉक्टरांनीं सुचविलेली क्रमांकांची यादी तेथें आहे. कोणी कोठवर बोलावें याच्या पायऱ्या आहेत. एरलांगचा तारांचा हिशेब आहे. मामांची रात्रीची खुंटी आहे. फरक इतकाच कीं, पूर्वीं ज्या गोष्टी माणूस प्रत्येक वेळीं पाहून ठरवी, त्या आतां एकदांच ठरवून ठेवाव्या लागतात. जो त्या ठरवितो तो पुष्कळदां ज्यांच्याविषयीं ठरवावयाचें त्यांना ओळखतहि नाहीं.

म्हणून असा कन्सोल हातीं घेणारानें प्रथम यंत्राचें पुस्तक न उघडतां कचेरींतून एक फेरी मारावी हें उत्तम. कोणाकडे बाहेरचे लोक अधिक येतात, जेवणाच्या सुट्टींत कोण जागेवर असतो, घंटी पांच वेळां वाजून कोणी उचलली नाहीं तर ती पुढें कोणाकडे जावी, सणासुदीच्या दिवशीं कोण जबाबदार, हें विचारून एका वहींत लिहावें. त्या वहीवर कारभाऱ्याचें आणि त्याच्या गैरहजेरींत काम पाहणाराचें, अशीं दोन नांवें असावींत. मग तें यंत्रांत उतरवावें. आणि उतरविल्यावर बाहेर जाऊन परक्या माणसासारखा स्वतः फोन करून पाहावा. मामा घंटी वाजवून पाहत तें हेंच. बदल केला कीं तारीख घालून वहींत टिपावा. एखादा माणूस नोकरी सोडून गेला तर त्याचें एक्स्टेन्शन आणि परवलीचा शब्द त्याच दिवशीं बंद करावा. पुष्कळ पेट्यांत अशी एक सोय असते कीं, बाहेरच्या माणसानें फोन करून परवलीचे आंकडे दिले म्हणजे त्यास कचेरीच्या तारेवरून दुसरीकडे बोलतां येतें. कारखान्यांतून आलेले आंकडे न बदलतां तसेच ठेविले तर चोर रातोरात परदेशीं बोलून घेतात आणि बिल कचेरीच्या माथीं बसतें. कुलूप नवें असलें तरी किल्ली दारालाच लटकत ठेविली तर तें काय कामाचें?

राहतां राहिला ऐकण्याचा प्रश्न. मामांना आमचें बोलणें ऐकूं येई. तें येतें हें आम्हांलाहि ठाऊक होतें, आणि मामा तें पोटांत ठेवीत. खाजगी कचेरींतील ऑपरेटरास बांधणारें मुख्य बंधन नेहमीं असें त्याच्या इमानाचेंच असे. आजच्या कन्सोलवर ज्याच्या हातीं मुख्य परवलीचा शब्द आहे त्याला कोणाचेंहि बोलणें चुपचाप ऐकण्याची, नोंदवून ठेवण्याची, कोण कोणाशीं किती वेळ बोललें तें पाहण्याची सोय पुष्कळदां असते; आणि बोलणारास त्याची गंधवार्ताहि नसते. १८ डिसेंबर १९९६ रोजीं आपल्या सर्वोच्च न्यायालयानें पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संस्थेच्या अर्जावर असा निर्णय दिला कीं, टेलिफोनवरील संभाषण हा माणसाच्या खाजगी जीवनाचा भाग असून घटनेच्या २१ व्या कलमाचें संरक्षण त्यास आहे. कायद्यानें घालून दिलेल्या रीतीवांचून सरकारासहि तें चोरून ऐकतां येणार नाहीं. १८८५ च्या कायद्यांत मालकानें स्वतःसाठीं जें दार उघडें ठेविलें होतें त्यावर हा पहारा बसला. जें बंधन सरकारनें पाळावयाचें, तें एखाद्या कचेरीच्या कारभाऱ्यानें पाळूं नये असें कोण म्हणेल?

कोणी म्हणतील कीं, आतां प्रत्येकाच्या खिशांत टेलिफोन आहे, मग या फळीची कथा हवी कशाला? परंतु माणूस माणसास बोलावतो तेव्हां खिशांतला फोन पुरतो. माणूस संस्थेस बोलावतो तेव्हां तो कोणाचा खिसा शोधणार? इस्पितळ, शाळा, वीजकचेरी, जिल्ह्याचें ठाणें यांच्या दारांत आजहि तीच जुनी खुर्ची आहे; तिच्यावर कोणी बसलेला दिसत नाहीं एवढेंच. जिल्ह्याच्या आपत्तिनिवारण कक्षासाठीं १०७७ हा क्रमांक ठरलेला आहे. श्रावणांतल्या एखाद्या अंधाऱ्या रात्रीं पूर्णेला किंवा पैनगंगेला पूर येतो, कांठच्या गांवांतला एक माणूस तो क्रमांक दाबतो, आणि त्याची हांक क्षणांत जिल्ह्याच्या ठाण्यांत जाऊन पोंचते. १८७० सालीं जें काम तारमास्तराच्या हातून होई, तें आज निमिषांत होतें. ती हांक ठाण्यांतील कोणत्या खोलींत वाजावी, त्या खोलीला त्या वेळीं कुलूप असेल कीं दिवा असेल, हें मात्र आजहि कोणत्यातरी माणसानें दिवसाउजेडीं, शांतपणें बसून, आगाऊ ठरवून ठेवलेलें असावें लागतें.